दुधीचा अंतरपाट

नवरदेवाची शेपटी कुठे ठेवायची, यावर लग्न अडलं होतं. नवरदेव म्हणजे हिरवा रबरी डायनासोर. नवरी एका पायाची बाहुली. वऱ्हाड म्हणून सोफ्यावरच्या उशा. पनवेलजवळच्या करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये सोनाबाईंनी मध्ये अंतरपाट म्हणून पंचा धरला होता आणि पंच्याआडून पाच वर्षांची प्रांजल नवरीच्या वतीने भांडत होती. शेपटी कापा, नाहीतर वरात परत न्या. जेवणात गोड काय ते आत्ताच सांगा. मुलाला दात फार आहेत, तो नवरीला खाणार नाही हे कोण बघणार?

सोनाबाई तिची आजी. आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी धवलारीण. उभा जन्म त्यांनी अंतरपाटापाशी काढला होता. मध्ये कापड असलं की नातीची जीभ सुटते, हे त्यांना एका दुपारी पंचा वाळत घालताना कळलं. पंच्याच्या पलीकडून पोर चक्क कावळ्याला दम देत होती.

एरवी तिने घराचा उंबरा ओलांडला की तोंडात मिठाची गुळणी. शाळेतल्या बाईंना तिचा आवाज कसा आहे ते ठाऊकच नव्हतं. शू लागली तरी सांगायची नाही. ओल्या फ्रॉकने घरी यायची आणि त्या दिवशी जेवायची नाही. तिची आई रंजिता मग बाथरूमचं दार लावून रडायची.

बापाला, म्हणजे शैलेशला, रडणं जमत नसे, म्हणून तो चिडायचा. त्याचा रेती-खडीचा धंदा. गळ्यात बोटाएवढी जाड साखळी. तो फोनवर बोलायला लागला की खाली उभ्या रिक्षावाल्यालाही रेतीचा भाव कळायचा. पोरीसाठी त्याने बोलणारा रोबोट आणला. रोबोट दिवसभर बोलायचा, पोर ऐकायची. नवीन पनवेलला आत्मविश्वास वाढवायच्या क्लासला घातलं. तिथे ती टेबलाखाली जाऊन बसली, ती क्लास सुटल्यावरच बाहेर आली.

"वाघाच्या पोटी शेळी कशी आली गो आई?" तो एकदा वैतागून म्हणाला.

"वाघाला पन मीच वाढवलाय," सोनाबाई म्हणाल्या आणि सुपारी कातरत राहिल्या.

त्यांचा आपला खेळ चालूच होता. बाहुलीची लग्नं रोज लागत. डायनासोर झाला, टेडी झाला, एकदा तर तेलाची बाटलीही मुंडावळ्या बांधून उभी राहिली. एवढी स्थळं गावातल्या कुठल्याही मुलीला आली नसतील. भांडण रंगात आलं की सोनाबाई पंचा चार बोटं खाली घ्यायच्या. आधी प्रांजलचं कपाळ दिसायचं, मग डोळे. पोर बोलण्याच्या नादात असते, तिला पत्ताही लागत नाही, असं त्यांना वाटायचं. आपल्या हुशारीवर त्या बेहद्द खूश होत्या.

शाळेच्या गॅदरिंगला भाज्यांचं नाटक होतं. प्रांजलला दुधी केलं, कारण दुधीला एकच वाक्य होतं. ती नाही बोलली तरी नाटक अडणार नव्हतं. बाईंनी हे अगदी समजुतीने सांगितलं, आणि रंजिताला ते फार लागलं.

त्या दिवशी मंडप भरला होता. वांगं बोललं. भेंडी जरा जास्तच बोलली. दुधीची पाळी आली आणि दुधी गप्प. कोणीतरी फिदकन हसलं. रंजिताने डोळे मिटून घेतले. इतक्यात नऊवारीतल्या सोनाबाई कोणाला न विचारता स्टेजवर चढल्या, खांद्यावरचा पंचा काढला आणि दुधीपुढे धरला.

मग पंच्यामागून खणखणीत आवाज आला, "मी दुधी. मला कोणी विचारत नाही."

मंडप हसला. दुधीला जोर चढला. जे नाटकात नव्हतं तेही ती सांगू लागली. पण कोलंबी घातली की सगळे विचारतात. कोलंबी आजी स्वतः निवडते. भेंडीत कोणी कोलंबी घालत नाही, तेव्हा भेंडीने जास्त बोलू नये. इकडे सोनाबाई चार-चार बोटं खाली घेत होत्या. दुधीचं सांगून झालं तेव्हा पंचा तिच्या गुडघ्यांशी आला होता, आणि लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर वाजवतात तशा लोक टाळ्या वाजवत होते. रंजिता रडत होती, पण या वेळी सगळ्यांसमोर.

मग बाईंनी माइकवर जाहीर केलं की, यंदाचा मंडप ज्यांनी दिला ते शैलेशशेठ, म्हणजे आपल्या दुधीचे वडील, दोन शब्द बोलतील. शैलेश ऐटीत वर चढला. माइक हातात घेतला. "आदरणीय," म्हणाला. समोर पाहिलं. पुन्हा "आदरणीय," म्हणाला. पुढचा शब्द काही येईना. माइक हळूहळू पोटापर्यंत खाली आला. साखळीवरून घाम ओघळायला लागला. पहिल्या रांगेत जाऊन बसलेल्या सोनाबाईंनी कपाळाला हात लावला. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की हाच वाघ खिडकीतून उडी मारून घरी पळून यायचा, हे त्या मंडपात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

त्यांच्या खांद्यावरचा पंचा कोणीतरी ओढला. दुधी होती. ती तुरुतुरु पायऱ्या चढून वर गेली, बापासमोर चवड्यांवर उभी राहिली आणि दोन्ही हात उंच करून पंचा धरला. तो कसाबसा त्याच्या पट्ट्यापर्यंत पोचला.

"पप्पा, बोला," ती म्हणाली, आणि माइक चालू असल्यामुळे ते सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. "घाबरू नका. आजी घेते ना, तसा मी हळूहळू खाली घेईन."