अठरा इंची वूफर

दुकानदाराने तिसरा वूफर काउंटरवर ठेवला आणि मारोतरावांनी त्याच्या पडद्यावर तळहात दाबला. आधीचे दोन दगडासारखे कडक होते. हा उशीसारखा आत गेला आणि हळूच वर आला.

दुकानदाराने तोंड वाकडं केलं. म्हणाला, हा पडून राहिलेला माल आहे. अठरा इंची असला तरी डीजेवाले याला हात लावत नाहीत. कानाला कमी आणि पोटाला जास्त लागतो. वरात नाचवायची असेल तर पहिला घ्या.

भूपेशला वरात नाचवायची नव्हती. सीताबर्डीच्या त्या दुकानात तो काकांना मुद्दाम सोबत घेऊन आला होता. तांडापेठेतल्या त्यांच्या घराच्या मधोमध एक भिंत होती. अलीकडे भूपेश आणि त्याची बायको रितिका, पलीकडे मारोतराव आणि पुष्पलताकाकू. भूपेशला घरावर मजला चढवायचा होता, त्यासाठी पलीकडचा अर्धा भाग हवा होता. काका विकायला तयार नव्हते. इथंच मरीन म्हणायचे. मग धंतोलीच्या दवाखान्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुपारी पडून राहायला सांगितलं. पण भूपेशचा डब्यातला सबवूफर सुरू झाला की काकांच्या भिंतीवरचे फोटो हलायचे. गल्लीने भूपेशला चारचौघांत झाडलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाला, डबाच काढून टाकतो.

आता तो काकांना समजावत होता. डायपोल म्हणजे बिनडब्याचा सबवूफर. एका फळीला भोक पाडायचं आणि त्यात वूफर बसवायचा. आवाज पुढे जातो, तसाच मागेही जातो. बाजूला मात्र दोन्ही आवाज एकमेकांना मारून टाकतात, तिथं काही उरत नाही. फळीची ती बाजू तुमच्या भिंतीकडे ठेवीन. फक्त यात आवाजच आवाजाला खातो, म्हणून वूफर मोठा लागतो, आणि सैल लागतो.

"हाच घे गा," मारोतराव म्हणाले. "मले तर हाच गरीब वाटते."

घरी आल्यावर मारोतरावांनी माळ्यावरून वडिलांच्या मोडलेल्या हातमागाचे सागवानी खांब काढून दिले. त्या मागावर दोन्ही घरं जगली होती. भूपेशने त्यांचे पाय करून फळी उभी केली आणि गाणं लावलं. मारोतराव आपल्या खाटेवर आडवे झाले, भिंतीला कान लावला. काही नाही. ते तसेच बनियनवर गल्लीत आले आणि दिसेल त्याला सांगत सुटले, की पुतण्या असावा तर असा. गल्लीला काका-पुतण्याचं प्रेम दिसलं. गल्लीला नेहमी प्रेमच दिसतं. ते बघायला काही करावं लागत नाही.

आणि मारोतरावांच्या छातीत धडधडायला लागलं.

दुपारी आडवं झालं की सुरू व्हायचं. धब, धब, धब, आणि मध्येच एक ठोका गायब. ते पुढच्या ठोक्याची वाट बघत श्वास धरून पडून राहायचे. पुष्पलताकाकू छातीवर हात ठेवायच्या, तर त्यांच्या हातालाही ते लागायचं. भूपेश प्रत्येक वेळी गाडी काढायचा, धंतोलीला न्यायचा, बाहेर बाकावर बसून राहायचा. तिथं पोचेपर्यंत सगळं शांत झालेलं असे. डॉक्टर ईसीजीची पट्टी बघून म्हणायचे, हृदय उत्तम आहे, मनाला लावून घेऊ नका. मारोतरावांनी जेवण अर्ध्यावर आणलं. मरणाला ते भीत नव्हते. वाट बघायला भीत होते. उमरेडच्या मुलीकडे जाऊन राहावं का, असं एकदा बायकोला बोलूनही गेले.

एके दुपारी रितिका शाळेतल्या नोकरीवरून लवकर आली. घरात गाणं नव्हतं, तरी कान दडपल्यासारखे झाले. मांडणीवरचे स्टीलचे पेले थरथरत होते. फळी फिरवलेली होती. वूफरचं तोंड काकांच्या भिंतीला हातभर अंतरावर होतं आणि तो मुकाट्याने आत-बाहेर होत होता. लॅपटॉपवर आवाजाच्या रेघेचे उंचवटे सरकत होते. तीन उंचवटे, मग रिकामी जागा. समोर भूपेश चहा पीत बसला होता.

"हे काय करून राहिला तू?"

भूपेशने शांतपणे सांगितलं, की डॉक्टरच म्हणतात हृदय उत्तम आहे, म्हणजे कुणाचं काही बिघडत नाही. म्हाताऱ्याला फक्त घराचा कंटाळा यायला पाहिजे.

रितिकाने वरच्या मजल्याच्या बाल्कनीसाठी टाइल्स पसंत करून ठेवल्या होत्या. बंद कर, असं ती म्हणाली नाही. दार नीट लावत जा, एवढंच म्हणाली.

ते लावायला ती वळली, तर दारात मारोतराव उभे होते. घामाने ओले, चौकट धरून. भूपेशने एक बटण दाबलं. वूफर थांबला. मारोतरावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीवर टेकले, छातीवर हात ठेवून ठोके मोजले. मग त्यांचा चेहरा सैल पडला.

"थांबलं, पाह्य ना," ते म्हणाले. "तुह्या घरात आलो का थांबते गा. तिकडे पडलो का आपलंच काळीज ऐकू येते. तू गाणं काहून एवढं हळू लावतं? मोठ्यानं लाव, आमच्याकडे येऊ दे. त्याच्यात हे दबून जाईन."

भूपेश उठला. काकांच्या पाठीवरून त्याने हात फिरवला.

"किती मोठं लावू, काकाजी?"