पुडीतल्या कड्या

"पट्ट्याच्या दोन-तीन कड्या काढा, काका. माझं मनगट बारीक आहे," म्हणत इरावतीने घड्याळ फणसेकाकांच्या काउंटरवर ठेवलं.

बोटीवर नोकरीला असताना बाबांनी हौसेने घेतलेलं, पाणबुडे वापरतात तसलं ते भारी स्विस घड्याळ. काल तिच्या वाढदिवसाला त्यांनी मनगटावरून उतरवून तिच्या हाती दिलं होतं. लहानपणी तिने घातलं, की ते थेट दंडापर्यंत चढायचं आणि बाबा पोट धरून हसायचे.

"आधी घालून तर बघ," काका म्हणाले.

तिने घातलं, क्लिप लावली, हात झटकला. घड्याळ जागचं हललं नाही.

"पण काल संध्याकाळपर्यंत हे बाबांच्या हातात होतं," ती म्हणाली.

काकांनी डोळ्यावरचं भिंग उतरवलं. "दिवाळीपासून दोनदा येऊन कड्या काढून घेतल्या त्यांनी. घरी सांगू नका म्हणाले."

बाबा हल्ली घरातही पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतात, ते तिला आत्ता कळलं.

काकांनी खणातून कड्यांची पुडी काढून पुढे सरकवली.

"राहू द्या तुमच्याकडेच," घड्याळ उतरवत ती म्हणाली. "उद्याच त्यांना डॉक्टरकडे नेते. या कड्या परत बसवायच्या आहेत."