टॉवेलची घडी

"डॉक्टर झाली, पण हाताची उशी करायची काही सोडत नाही," आई पुटपुटली. रात्रपाळी करून आलेली मुलगी सोफ्यावर आडवी होती. आईने तिच्या डोक्याखालचा हात हळूच सोडवला, तळवा वर केला, कोपराखाली टॉवेलची घडी सरकवली. तिच्या लहानपणापासूनचा हा उद्योग. "झोपेत माणसाला स्वतःचा हातसुद्धा सांभाळता येत नाही गं." मुलीची पापणीही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी आई भाजी निवडता निवडता गेली.

पंधरवड्याने मुलगी कामावर परतली. रुग्णांना भूल देणं हे तिचं काम. ऑपरेशनच्या टेबलावर एक आजोबा होते, घड्याळं दुरुस्त करणारे. "पोट हवं तेवढं फाडा, डॉक्टरबाई," ते मास्कखालून म्हणाले, "हात तेवढा जपा. पोट त्याच्यावरच भरतं."

तिने त्यांचा हात बाजूच्या फळीवर ठेवला, कोपराखाली मऊ घडी दिली. ऑपरेशन लांबलं. मध्येच रक्त उसळलं, सगळे टेबलावर ओणवले, फळीला धक्के लागले. रक्त आटोक्यात आलं तसा तिने हिरव्या चादरीखाली हात घालून चाचपलं. फळी डोक्याकडे ढकलली गेली होती. खांदा ताणलेला. घडी गळून पडलेली. कोपर नेमकं लोखंडी कडेवर.

"थांबा सर. हात सरकलाय."

"आत्ता?" सर्जननी मान वर केली नाही. "मी पोट सांभाळू की हाताचे लाड करू?"

"रक्त थांबलंय. दोन मिनिटं द्या. नस दबून गेली, तर उद्या यांना चिमटा धरता येणार नाही."

"अहो मॅडम, त्यांना काही कळत नाहीये!"

"म्हणूनच सांगतेय."

कात्र्या थांबल्या. मॉनिटरची टिकटिक तेवढी चालू राहिली. तिने फळी खाली ओढली, तळवा वर केला, कोपराखाली घडी सरकवली.

दुपारी आजोबा शुद्धीवर आले. "अंगठा करंगळीला लावा बघू," ती म्हणाली. बोटं थरथरली, थबकली, मग एकमेकांना भिडली. आजोबांनी हवेतच एका अदृश्य घड्याळाला चावी दिली.

घरी येऊन ती सोफ्यावर आडवी झाली. हात आपसूक डोक्याखाली गेला. डोळे मिटून ती वाट पाहत राहिली. हाताला मुंग्या आल्या.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "मी जागीच असायचे गं."