सेल्फ फिरतो, गाडी स्टार्ट होत नाही

"काका, रिले चेक केलात?" प्रशांतने डॅशबोर्डखाली डोकं घालायला गुडघा टेकला.

"केला. पहिल्याच दिवशी," हरिहरराव म्हणाले. "ऊठ तू तिथून. आधी प्लग काढ."

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत चहाचा ट्रे घेऊन आलेली त्यांची मुलगी क्षिप्रा दोन पावलं मागे सरली. चोराच्या मनात चांदणं! तो रिले, म्हणजे इंजिनला पेट्रोल पोचवणारा पंप चालू करणारा, अर्ध्या काडेपेटीएवढा काळा ठोकळा, गेले दोन आठवडे तिच्या स्वयंपाकघरात मेथीदाण्याच्या डब्यात पडून होता. तिनेच तो तिथे ठेवला होता.

आणि बाबा म्हणतात, केला चेक! न बघताच ठोकून दिलं. वय झालं, दुसरं काय. तिला फार वाईट वाटलं.

हरिहरराव म्हणजे 'डोंबिवली गाडी कट्टा' या ग्रुपचे काका. दिवा स्टेशनपासून आंबिवलीपर्यंत कुणाची गाडी रुसली, की तिचा आवाज रेकॉर्ड करून काकांना पाठवायचा. काका कानाला फोन लावून सांगणार, "क्लच नाही रे, बेअरिंग गेलंय." उमेदीत त्यांनी रॅल्या केल्या होत्या. पहिलं यायच्या नाही, ठरल्या सेकंदाला पोचायच्या. त्यात चूक म्हणजे चूक, सबब चालत नाही.

त्यांचा एक नियम पोरं गमतीने एकमेकांना ऐकवत. "काढलेल्या पार्टला चिठ्ठी लावा. कुठला, कधी काढला, का काढला. कारण लिहायची लाज वाटत असेल, तर काढूच नका."

पंपाचं ज्ञानही त्यांचंच. "सेल्फ फिरतो पण गाडी स्टार्ट होत नाही? नुसती किल्ली फिरव. मागून पंपाची घूंऽऽ आली पाहिजे, दोन सेकंद. नाही आली, तर आधी रिले बघ." ही व्हॉइस नोट तीनदा ऐकूनच क्षिप्राने रिले उपटला होता. बापाची विद्या बापावरच!

करणार काय? त्याच्या आदल्या दिवशी कोपरच्या वळणावर गणवेशातली एक मुलगी रस्ता ओलांडत होती, आणि बाबांचा पाय ब्रेककडे गेलाच नाही. क्षिप्रा किंचाळली, तेव्हा गेला. मुलगी आणि बंपर यांच्यात हातभर अंतर उरलं.

"किंचाळतेस काय? दिसली होती मला," बाबा म्हणाले.

बाबा, आता गाडी नका चालवू. पाच शब्दांचं वाक्य, पण जीभ रेटेना. अख्खं गाव ज्याला गाडीचं विचारतं, त्याला हे सांगायचं कुणी? घरात तर बाप-लेक दोघंच. मेथीचा डबा बरा.

त्या रविवारी प्लग बदलले. बॅटरी आधीच बदलून झाली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं चाललं होतं नुसतं.

"काका, दिव्याखाली अंधार!" कट्ट्यावरचा प्रशांत हसत म्हणाला. "आमच्या गाड्या फोनवर बऱ्या करता, आणि तुमची?"

काका हसले नाहीत.

पुढचा आठवडा वाईट गेला. बाबा ग्रुपवर कुणाला उत्तर देईनात. सकाळी गाडी पुसायची, आत बसायचं, पेपर वाचायचा आणि वर यायचं. दोन घास खाऊन ताट बाजूला. सव्वीस जानेवारीला कट्ट्याची टिटवाळ्यापर्यंत रॅली होती, आणि पहिली गाडी काकांची असा रिवाज होता.

"बाबा, जाणार ना तुम्ही?" तिने विचारलं.

"गाडी म्हणेल तसं," ते म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.

क्षिप्राला राहवेना. माणूस डोळ्यांदेखत खंगतोय, आणि आपणच त्याला खंगवतोय. पंचवीस तारखेला दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर ती खाली गेली. रिले खाचेत दाबून बसवला, किल्ली फिरवली. घूंऽऽ. दोन सेकंद. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या आपण शेजारी बसू, ओरडून ओरडून रस्ता दाखवू, असं तिने ठरवलं.

सकाळी खाली सहा गाड्या झेंडे लावून उभ्या. बाबा पहाटेच गाडी पुसून वर आले होते, आणि इस्त्रीचा शर्ट घालून केव्हाच पुन्हा उतरले होते. क्षिप्रा चप्पल घालता घालता गॅलरीत आली आणि कान देऊन उभी राहिली. बाबांनी किल्ली फिरवली.

घूं आली नाही. सेल्फ नुसताच फिरत राहिला.

"राहू दे रे," बाबा उतरत म्हणाले. "हिच्या मनात नाहीये. प्रशांत, तुझ्या शेजारी बसतो मी. वेळ मी मोजतो, तू फक्त समोर बघ."

"काय बोलता काका! तुम्ही माझ्या गाडीत?" प्रशांतने दार उघडून धरलं.

बाबांनी वर बघून हात केला. कितीतरी दिवसांनी चेहरा मोकळा दिसत होता. गाड्या फाटकाबाहेर पडल्या.

क्षिप्रा धावत खाली गेली. काल तर घूं आली होती! डॅशबोर्डखाली हात घातला. खाच रिकामी.

काढलेला पार्ट त्या घरात एकाच ठिकाणी जायचा: चपलांच्या कपाटावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. वर येऊन तिने झाकण उघडलं. सगळ्यात वर तो काळा ठोकळा होता, आणि त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, बाबांच्या बारीक, सरळ अक्षरात.

"पंपाचा रिले.
४ जानेवारी. क्षिप्राने काढला. का, ते मी विचारलं नाही.
२५ जानेवारी. क्षिप्राने परत लावला. मेथीचा वास येतोय.
२६ जानेवारी. मी काढला. कारण: कोपरच्या वळणावरची मुलगी मला दिसली नव्हती."