पुठ्ठ्याच्या झाडावरचं घुबड

घुबडाच्या पोटात बशीरभाऊ घामाघूम झाले होते. पुठ्ठ्याच्या झाडावर बसून, चोचीच्या फटीतून ते भद्रावतीच्या शाळेतला बालमेळा पाहत होते. समोर पोरांची रांग. जंगलातले सगळे प्राणी शहाण्या घुबडआजोबांकडे सल्ला मागायला येतात, ही गोष्टीच्या पुस्तकातली गंमत ज्योत्स्ना मॅडमनी यंदा मेळ्यात आणली होती. पण घुबड होणारे ड्रॉइंगचे सर ऐनवेळी तापाने फणफणले. मग मॅडमनी पोशाख शिवणाऱ्या शिंप्यालाच त्यात कोंबलं आणि बजावलं, की आजोबा पुस्तकी मराठी बोलतात, तुम्हीही तसंच बोला.

घरी बशीरभाऊंनी बटणं आणायला चंद्रपूरला चाललो म्हणून सांगितलं होतं. बायको, खैरुन, त्यांना उठता-बसता उल्लू म्हणायची. तिच्या हाती आयता पुरावा कोण देणार?

काम मात्र झकास जमलं. गणित आवडत नाही म्हणणाऱ्या पोराला त्यांनी सांगितलं, की घुबडांनाही आवडत नाही. दुपारपर्यंत पोरांच्या मागून आयाही रांगेत शिरल्या. एकीने तर चक्क सासूबद्दल विचारलं.

आणि मग रांगेत खैरुन दिसली. बशीरभाऊंचे पंख गळाले.

ती बहिणीच्या नातीला घेऊन आली होती. नातीचं विचारून झालं तरी ती हलेना. ओढणी सावरून चोचीजवळ आली आणि हळू आवाजात मुलीचं सांगू लागली. मदीहाची कोळशाच्या खाणीत डंपर चालवायच्या ट्रेनिंगसाठी निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. खैरुनने साफ नाही म्हटलं होतं आणि पोरीने जेवण सोडलं होतं. बशीरभाऊंना हे सगळं पाठ होतं. ते महिनाभर जाऊ दे, जाऊ दे म्हणत होते आणि तुम्हाले काय कळते, हे ऐकून मुकाट्याने मशीनवर जाऊन बसत होते.

घुबड खाकरलं.

"कन्येस भय वाटते काय?"

"तिले नाई वाटत. मले वाटते," खैरुन म्हणाली. "एवढं मोठं धूड हाये ते. तिले काई झालं तं? घरी कोणाले सांगू? तिचा बाप तं हसनच मले."

बशीरभाऊ हसले नाहीत. लोक काय म्हणतील, डंपर काय बाईचं काम आहे, एवढंच ते तिच्याकडून ऐकत आले होते. ती घाबरली आहे, हे त्यांना आज कापसाच्या पोटाआडून कळलं.  

"भय तुमचे आहे, तर ते तुम्ही सांभाळावे," ते जड आवाजात म्हणाले. "कन्येस डंपर सांभाळू द्यावा."

 खैरुनने घुबडाला रीतसर सलाम केला.

संध्याकाळी बशीरभाऊ घरी पोचले तेव्हा मदीहा दोन माणसांचं जेवण एकटी जेवत होती. बटणं कुठे आहेत हे विचारायचंही खैरुन विसरली. घुबडाने एका दमात जे सांगितलं ते तुम्हाला महिनाभरात सुचलं नाही, म्हणाली. बशीरभाऊंनी कबूल केलं. उद्या मेळ्याचा शेवटचा दिवस आहे, तुम्हीही चला आणि थोडी अक्कल मागून घ्या, असं तिने फर्मावलं. त्यांनी कामाची सगळी कारणं सांगून पाहिली. एकही चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बायकोच्या मागे रांगेत उभे होते. पुठ्ठ्याचं झाड रिकामं होतं. घुबडाच्या शोधात फिरणाऱ्या ज्योत्स्ना मॅडमना ते रांगेत दिसले. मॅडमनी तोंड उघडलं, बशीरभाऊंनी डोळे वटारले, आणि मॅडम म्हणाल्या, की आजोबा काही आज आले नाहीत.

खैरुनने रिकाम्या फांदीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"त्याले समजलं तुम्ही येऊन राह्यले ते," ती म्हणाली. "उगाच नाई शहाणं म्हणत त्याले."