मनातली कवायत

पक्षाघातानंतर खोपकर सरांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेल्या सरांना आता बायको भरवायची, आणि दोन घासांनंतर ते तोंड फिरवायचे.

व्यायाम शिकवायला घरी येणारी वृषाली त्यांचीच विद्यार्थिनी. ती म्हणाली, "सर, डोळे मिटा. श्वास घेत घेत उजवा हात वर चाललाय, असं मनात बघा."

"मनातल्या मनात कवायत करणाऱ्यांना मी मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो," सर अडखळत म्हणाले.

"माहीत आहे, सर. मला सहा पडल्या होत्या."

सरांनी डोळे मिटले.

मग रोज सकाळी ते मनात हात वर नेऊ लागले. महिना गेला, काहीच हललं नाही. दुसऱ्या महिन्यात करंगळी हलली. सरांनी कोणाला सांगितलं नाही. करंगळीला मार्क द्यायची त्यांची पद्धत नव्हती.

चौथ्या महिन्यात हात मांडीवरून सुटला आणि थरथरत खांद्यापर्यंत गेला. बायकोने तोंडाला पदर लावला. वृषालीचे डोळे भरून आले.

सरांनी हात खांद्यापासून बोटांपर्यंत तपासून पाहिला.

"कोपर वाकलंय," ते म्हणाले. "पुन्हा."