ताटावरचं नाव

मुलांनो, डोळे मिटून अशी मुलगी पाहा, जिला सुट्टीतही बोर्डिंगातून न्यायला कोणी येत नाही. ती सलोमी. दर रविवारी पाळकसाहेब विचारत, “आपलं जीवन येशूला कोण देतं?” ज्यानं जीवन द्यायचं त्यानं एकदाच हात वर करायचा; सलोमीचा मात्र दर वेळी वर जाई. “हिचं तारण आठवड्याला एकदा होतं,” मुली हसत.

एकदा ती एकटीच ताट घासत असताना मुलींना बायबल शिकवणाऱ्या तबिथाबाई शेजारी टेकल्या. “दर रविवारी हात कशाला गं?”

“आई वारली. मावशी इथे सोडून गेली. देवानंही सोडलं तर?”

बाईंनी ताटाच्या कडेवर कोरलेल्या ‘सलोमी’वर बोट ठेवलं. “हे नाव कोणी घातलं?”

“आईनं.”

“दर आठवड्याला पुन्हा घालावं लागतं?”

“नाही. राखेनं घासलं तरी जात नाही.”

“देवानं तर तुझं नाव स्वतःच्या तळहातावर कोरलंय, बाळ.”

पुढच्या रविवारी सलोमीचा हात मांडीवरच राहिला. जेवताना मात्र नेहमीसारखंच तिच्याशेजारी कोणी बसलं नाही. कोपऱ्यात कालच आलेली मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत होती. सलोमी आपलं ताट घेऊन उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली.